ऑस्ट्रेलियाचे राज्य-नामांकन: निवड राज्याची, आकडा कॅनबेराचा

२०२४-२५ या स्थलांतर वर्षात साउथ ऑस्ट्रेलियाला कुशल स्थलांतरितांचे नामांकन, म्हणजे व्हिसासाठी राज्याची शिफारस, करण्यासाठी ३,८०० जागा मिळाल्या होत्या. पुढच्या वर्षी त्या २,२५० वर आल्या. त्याच वर्षी क्वीन्सलँडच्या जागा मात्र १,२०० वरून २,६०० झाल्या. ॲडलेडच्या रुग्णालयांना लागणाऱ्या परिचारिका किंवा ब्रिस्बेनच्या बांधकामांना लागणारे अभियंते वर्षभरात इतके कमी-जास्त होत नाहीत. तरीही असे चढउतार जवळपास दरवर्षी होतात, आणि त्यांचा फटका ज्यांना बसतो त्यांत पुण्यामुंबईत बसून कागदपत्रे जमवणारी आणि मेलबर्न-पर्थमध्ये शिक्षण पूर्ण करून पीआरची, म्हणजे कायमस्वरूपी वास्तव्याच्या परवान्याची, वाट पाहणारी मराठी कुटुंबेही असतात. नियम सारखे का बदलतात, या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर या पद्धतीच्या जडणघडणीत सापडते. कोणाला बोलवायचे हे राज्य ठरवते, पण किती जणांना बोलवायचे आणि कोणत्या व्हिसावर, हे आरंभापासून कॅनबेरातील केंद्र सरकारच ठरवत आले आहे.

ऑस्ट्रेलियाच्या १९०१ च्या राज्यघटनेतील कलम ५१ ने परदेशी नागरिक आणि आप्रवासन हे दोन्ही विषय संघराज्याच्या संसदेच्या अधिकारात आणले. त्या संसदेने पहिल्याच वर्षी केलेला आप्रवासन निर्बंध कायदा हा गोऱ्या ऑस्ट्रेलियाच्या धोरणाचा पाया होता. त्याखालील, गोरे नसलेल्यांना अडवणारी श्रुतलेखनाची कुप्रसिद्ध चाचणी १९५८ पर्यंत टिकली आणि निवडीतून वंशाचा निकष पूर्णपणे हटायला १९७३ साल उजाडले. १९७९ मध्ये गुणांवर आधारित निवड सुरू झाली, तीही पूर्णतः केंद्राची. स्थलांतरितांसाठी शाळा, दवाखाने आणि रस्ते पुरवण्याची मोठी जबाबदारी राज्यांवर होती, पण निवडीत त्यांना फारसा आवाज नव्हता.

हे चित्र १९९६ पासून बदलू लागले. नवे स्थलांतरित मोठ्या प्रमाणात सिडनी आणि मेलबर्नमध्येच एकवटत होते, आणि न्यू साउथ वेल्सचे तत्कालीन मुख्यमंत्री बॉब कार सिडनीवरचा ताण उघडपणे मांडत होते. उलट साउथ ऑस्ट्रेलियात १९९१ मध्ये त्या राज्याच्या मालकीची स्टेट बँक कोसळल्यानंतर अर्थव्यवस्था खचली होती, तरुण मंडळी राज्य सोडून जात होती आणि माणसे यावीत अशीच तिथल्या सरकारची इच्छा होती. एकाच देशात एका राज्याला स्थलांतर ओझे वाटते आणि दुसऱ्याला आधार, ही विसंगती सोडवण्यासाठी राज्यनिहाय आणि प्रादेशिक स्थलांतराच्या तरतुदी आल्या. २००४ मध्ये ४९५ क्रमांकाचा तात्पुरता व्हिसा आला. त्यात राज्याचे प्रायोजकत्व असेल तर कमी गुणांवर प्रवेश मिळे, मात्र काही काळ कमी लोकवस्तीच्या भागात राहून काम करावे लागे आणि त्यानंतरच कायमस्वरूपी वास्तव्याचा अर्ज करता येई. सवलत देऊन त्या बदल्यात ठिकाणाची अट घालायची, हा सौदा आजच्या ४९१ या प्रादेशिक व्हिसाच्याही मुळाशी आहे.

२००७ च्या फेररचनेत राज्य-प्रायोजित १७६ आणि प्रादेशिक ४७५ हे व्हिसा आले. लोकांचा ओढा राज्यांकडे वळला तो २००९ मध्ये. जागतिक मंदीनंतर केंद्राने अर्ज तपासण्याचा प्राधान्यक्रम ठरवला आणि राज्याचे नामांकन असलेल्यांना स्वतंत्र अर्जदारांच्या पुढे ठेवले. मग ८ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन आप्रवासन मंत्री ख्रिस इव्हान्स यांनी टंचाईच्या व्यवसायांची जुनी यादी रद्द केली. त्या यादीच्या भरवशावर हजारो भारतीय विद्यार्थ्यांनी स्वयंपाक आणि केशरचनेच्या अभ्यासक्रमांना प्रवेश घेतले होते. नवी यादी अवघ्या १८१ व्यवसायांची होती. ८ फेब्रुवारीच्याच घोषणेत १ सप्टेंबर २००७ पूर्वी परदेशातून आलेले सुमारे २०,००० अर्ज शुल्क परत करून निकालात काढण्याचा निर्णयही होता. रीतसर अर्ज करून अडीच-तीन वर्षे थांबलेल्या माणसांना सरकारने सांगितले की तुमचा अर्ज आता अस्तित्वातच नाही. स्थलांतर कायद्यातील कलम ३९ मंत्र्याला तसा अधिकार देते, म्हणून ते कायद्यात बसत होते. न्याय्य होते असे मला वाटत नाही.

आजचे नियम समजून घेताना १ जुलै २०१२ या तारखेला सर्वाधिक महत्त्व द्यायला हवे. त्या दिवशी स्किलसिलेक्ट ही संगणकीय व्यवस्था सुरू झाली आणि १८९ (स्वतंत्र), १९० (राज्य-नामांकित) व ४८९ (प्रादेशिक, तात्पुरता) हे व्हिसा आले. त्याआधी अर्ज भरला की माणूस रांगेत उभा राहायचा. रांग लांब असो, तिचा प्राधान्यक्रम बदलो किंवा २०१० सारखे ती मोडली जावो, अर्ज हा अर्ज होता, त्याची सरकारदरबारी कायदेशीर नोंद होती. २०१२ नंतर उमेदवार आधी फक्त स्वारस्य नोंदवतो. ईओआय म्हणून ओळखली जाणारी ही नोंद दोन वर्षे टिकते, तिला शुल्क नाही आणि ती अर्जही नाही. राज्याने त्यातून निवड केली आणि आमंत्रण आले, तर पुढच्या ६० दिवसांत खरा अर्ज भरायचा. साचलेल्या अर्जांचा डोंगर सरकारच्या डोक्यावरून उतरला हे खरे, पण थांबण्याची सगळी जोखीम उमेदवाराच्या पदरात पडली. ईओआय पडून असताना व्यवसाय यादीतून निघाला, राज्याने अट बदलली किंवा कोटा संपला, तर त्याचा कोणताही हक्क डावलला गेला असे कायद्याने म्हणता येत नाही.

हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पुण्यातील बत्तीस वर्षांच्या एखाद्या सॉफ्टवेअर अभियंत्याला वयाचे ३०, इंग्रजीच्या सर्वोच्च श्रेणीचे २०, पदवीचे १५, पाच ते सात वर्षांच्या परदेशी अनुभवाचे १० आणि कुशल जोडीदाराचे १० असे ८५ गुण मिळतात. राज्याने १९० साठी नामांकन केले तर त्यात ५ गुणांची भर पडते. त्याने तेहतीस पूर्ण केली की वयाचे गुण २५ होतात, म्हणजे राज्य जे ५ गुण देणार होते तेवढेच वाढदिवसाला जातात. इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल तीन वर्षांच्या मुदतीत असावा लागतो आणि संगणक क्षेत्रातील कौशल्य मूल्यांकन त्याहीपेक्षा लवकर शिळे होते. राज्याचे धोरण चार महिने उशिरा जाहीर झाले तर कॅनबेराला त्याचा फारसा फरक पडत नाही; या अभियंत्याला मात्र परीक्षा, मूल्यांकन आणि खर्च यांचे चक्र पुन्हा सुरू करावे लागते.

पुढचे बदल याच चौकटीत झाले. एप्रिल २०१७ मध्ये व्यवसाय याद्यांमधून २१६ व्यवसाय एकदम वगळले गेले. जुलै २०१८ मध्ये किमान गुण ६० वरून ६५ झाले. मार्च २०१९ मध्ये, मोठ्या शहरांतील गर्दीचे कारण देऊन, पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांच्या सरकारने एकूण वार्षिक मर्यादा १,९०,००० वरून १,६०,००० वर आणली आणि प्रादेशिक भागांसाठी वेगळा वाटा राखला. १६ नोव्हेंबर २०१९ रोजी ४८९ च्या जागी ४९१ आला. त्याला नामांकनाचे १५ गुण मिळतात, त्याची मुदत पाच वर्षे असते आणि तीन वर्षे प्रादेशिक भागात काढल्यावर १९१ या कायमच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन वगळता देशाचा उरलेला सगळा भाग प्रादेशिक ठरल्याने पर्थ आणि गोल्ड कोस्टही त्यात आले. इथे एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. ४९१ मधील राहण्याची अट व्हिसावरच नोंदलेली असते आणि ती मोडणे गंभीर ठरते. १९० वर येणारा माणूस नामांकन करणाऱ्या राज्यात साधारण दोन वर्षे राहण्याचे वचन राज्याला देतो, पण ते त्याच्या व्हिसाची अट नसते.

मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्या आणि राज्यांनी आपले तुटपुंजे कोटे देशात आधीपासून असलेल्यांसाठी, त्यातही आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी, राखून ठेवले. परदेशातील उमेदवारांना बहुतेक दारे बंद झाली. सप्टेंबर २०२२ च्या रोजगार आणि कौशल्य परिषदेनंतर वारे उलटे फिरले. वार्षिक मर्यादा १,९५,००० झाली, राज्य-नामांकनाला ३१,००० आणि प्रादेशिक गटाला ३४,००० जागा मिळाल्या, आणि परदेशातील शिक्षक, परिचारिका, अभियंते यांना राज्ये पुन्हा बोलावू लागली. अनेकांनी तेच नेहमीचे चित्र मानून नोकरीच्या, घराच्या योजना आखल्या. पुढच्याच वर्षी नव्या नामांकनांचे कोटे जोरात आखडले. २०२४-२५ मध्ये सर्व राज्यांना मिळून २६,२६० नामांकने मिळाली, २०२५-२६ मध्ये २०,३५०.

आकडा हाती नसल्याने राज्यांनी आपले सारे कसब निवडीच्या निकषांत ओतले. राजधानी कॅनबेराच्या प्रदेशाने (केंद्र सरकारने नव्हे) २०१८ मध्ये स्वतःची गुणसारणी आणली, जिच्यात तिथले वास्तव्य, नोकरी आणि शिक्षण यांना वजन आहे. टास्मानियाने उमेदवारांची रंगांच्या श्रेणींत वर्गवारी केली. व्हिक्टोरियाने ईओआयच्या जोडीला राज्याकडे वेगळी नोंदणी सक्तीची केली. कोटा लहान झाला की राज्य साहजिकच आधीपासून तिथे राहून कर भरणाऱ्या माणसाला पसंती देते, कारण तो नामांकनानंतरही टिकेल याची खात्री अधिक असते. म्हणूनच परदेशातील उमेदवारासाठी केवळ व्यवसाय यादीत नाव असणे पुरेसे राहिलेले नाही.

हा प्रकार एकट्या ऑस्ट्रेलियाचा नाही. कॅनडात मॅनिटोबाने १९९८ मध्ये प्रांतीय नामांकन सुरू केले, आणि तिथेही २०२५ साठी संघ सरकारने या गटाचे लक्ष्य १,१०,००० वरून ५५,००० वर आणले तेव्हा प्रांतांना आपापल्या योजना घाईने आवराव्या लागल्या.

माजी वरिष्ठ सनदी अधिकारी मार्टिन पार्किन्सन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०२३ मध्ये स्थलांतर व्यवस्थेचा आढावा घेतला आणि ती मोडकळीला आल्याचे स्पष्ट शब्दांत नोंदवले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये जाहीर झालेल्या स्थलांतर धोरणात राज्यांना सोबत घेऊन अनेक वर्षांचे नियोजन करण्याचा आणि गुणपद्धती तपासून पाहण्याचा इरादा होता. गुणपद्धतीवरचे चर्चापत्र एप्रिल २०२४ मध्ये आले. तरीही स्थलांतर वर्ष १ जुलैला सुरू होत असताना २०२५-२६ ची १,८५,००० ही एकूण मर्यादा सरकारने सप्टेंबरमध्ये जाहीर केली, आणि आपला अंतिम वाटा कळण्यासाठी राज्यांना त्यानंतरही थांबावे लागले. २०२३ च्या धोरणात मांडलेले अनेक वर्षांचे नियोजन प्रत्यक्षात येईपर्यंत राज्यांना निकष असेच वर्षागणिक बदलावे लागतील, आणि ईओआय भरून बसलेल्या उमेदवाराला लागू होतील ते नियम नोंदणीच्या दिवशीचे नसून आमंत्रणाच्या दिवशीचे असतील.