कबुली देताना कॅमेरा कुठे होता?

'व्हेन दे सी अस' ही चार भागांची मालिका २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. बघताना एक प्रश्न सारखा डोकं वर काढतो: गुन्हा केलाच नव्हता, तर पोरांनी कबूल कसा केला?

घटना खरी आहे. १९ एप्रिल १९८९ च्या रात्री न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावायला गेलेल्या एका गोऱ्या तरुणीवर बलात्कार झाला, तिला मरेस्तोवर मारलं गेलं. ती कशीबशी वाचली, पण तिला त्या रात्रीचं काहीच आठवेना. पोलिसांनी धरली १४ ते १६ वर्षांची पाच मुलं, चार काळी आणि एक लॅटिनो. तासन् तास चौकशी झाली आणि चौघांनी कॅमेऱ्यासमोर कबुली दिली. वीर्याचा डीएनए पाचांपैकी एकाशीही जुळेना. मग आणखी कोणीतरी निसटला असेल, असं सरकारी पक्षाने म्हटलं, आणि १९९० मध्ये पाचही जण दोषी ठरले. प्रयोगशाळेचा अहवाल एकीकडे आणि पोराच्या तोंडचे शब्द दुसरीकडे. ज्युरीला शब्द जड वाटले.

हे शब्द येतात कसे? सॉल कॅसिन या मानसशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना संगणकावर टाइप करायला बसवलं आणि बजावलं, 'ऑल्ट' कळीला हात लावू नका. थोड्या वेळाने संगणक मुद्दाम बंद पाडला आणि आळ त्यांच्यावर घेतला. कळ कोणीच दाबली नव्हती. तरी ६९ टक्के जणांनी कबुलीवर सही केली. टाइप करण्याचा वेग वाढवून वर 'मी पाहिलं' म्हणणारा खोटा साक्षीदार उभा केला, तेव्हा तर एकूण एक जणाने सही केली. काहींनी कळ कशी दाबली गेली याचे तपशीलही रचून सांगितले!

इथे पणाला फारसं काही नव्हतं, हा आक्षेप रास्त आहे. पण पोलीस ठाण्यात दमलेल्या, न झोपलेल्या पोराला 'सही कर आणि घरी जा' एवढंच ऐकू येतं. दूरच्या परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. त्यात अमेरिकेत बहुतेक राज्यांत पोलिसांनी संशयिताला खोटा पुरावा सांगितला, तरी तेवढ्यावरून कबुली बाद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा तसा निकाल १९६९ चा आहे. (आपल्याकडे पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही. 'मोक्का' हा एक अपवाद. तिथे अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढे दिलेली चालते.)

२००२ मध्ये आधीच तुरुंगात असलेल्या मातियास रेयेसने गुन्हा कबूल केला. डीएनए त्याचाच निघाला. पाचांची शिक्षा रद्द झाली, २०१४ मध्ये शहराने ४.१ कोटी डॉलर भरपाई दिली. सुटेपर्यंत पाचांपैकी कोरी वाइजची तेराएक वर्षं आत गेली होती.

मला जास्त अस्वस्थ करते ती चित्रफीत. कबुली चित्रित झाली, तिच्या आधीची चौकशी चित्रित झालीच नाही. शिवाय डॅनियल लॅसिटर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत दिसलं, की कॅमेरा फक्त संशयितावर रोखला तर तीच कबुली बघणाऱ्याला जास्त राजीखुशीची वाटते. पोलीसही चौकटीत आला की दबाव दिसू लागतो. न्यायाधीशही या फरकातून सुटले नाहीत. न्यूझीलंडच्या पोलिसांनी म्हणून कॅमेरा बाजूला लावला, टेबलाच्या दोन्ही बाजूंची माणसं दिसतील असा.