मिनार आडवे का पडलेत?
परवा आमच्या ग्रुपवर एका जुन्या हज प्रमाणपत्राचा फोटो आला आणि खाली लगेच एकाची कमेंट, 'भूकंप झाला का रे? मिनार सगळे आडवे!' हसलो मी पण, पण ती कमेंट टाकणारा स्वतः सिव्हिल इंजिनिअर, रोज प्लॅन (वरून दिसणारं) नि एलिव्हेशन (समोरून दिसणारं) काढतो, म्हणून राहवेना.

तर आधी प्रमाणपत्राचं. हज केल्याचा पुरावा म्हणून कागदाची लांब गुंडाळी, त्यावर मजकूर, साक्षीदार, आणि मक्केची चित्रं. दमास्कसच्या उमय्यद मशिदीत अशी बरीच सापडली, ११व्या शतकापासूनची, आता ती इस्तंबूलला आहेत. पुष्कळशी बदली हजची, म्हणजे दुसऱ्याच्या नावाने केलेल्या यात्रेची, मग पुरावा लागणारच ना! १३व्या शतकातली काही तर लाकडी ठशांनी छापलेली आहेत, युरोपात छपाई रुजवणाऱ्या गुटेनबर्गच्या दोनेकशे वर्षं आधी. (आता 'छपाईचा खरा शोध यांनीच लावला' असं फॉरवर्ड करू नका प्लीज, चीनमध्ये ८६८ साली छापलेलं अख्खं सूत्र आजही शाबूत आहे. आपल्याकडच्या पुष्पक विमानवाल्यांनाही हेच सांगणं.)

आता मिनार. कागदाला मिती दोन, मक्केच्या मशिदीला तीन, म्हणजे काहीतरी सोडावंच लागतं. वरून बघितलं की उंची गेली. समोरून बघितलं की खोली गेली. फोटोसारखं काढलं तर जवळचा खांब लांबच्याला झाकतो आणि अंतर दुप्पट झालं की तेवढाच खांब निम्मा दिसतो, म्हणजे मोजमाप पण गेलं. या चित्रकारांनी काय केलं, अंगण वरून काढलं आणि भोवतीच्या ओवऱ्या, मिनार आणि कमानींत टांगलेल्या दिव्यांसकट, पायाशी बिजागरी असल्यासारख्या बाहेर पाडल्या, मिठाईचं खोकं उलगडतो ना अगदी तसं. पायाची रेघ दोन्हीकडे सामाईक, भिंत तिच्याभोवती ९० अंशात फिरली, त्यामुळे त्या रेघेवर लांबी जरासुद्धा बिघडत नाही.

मग बिघाड जातो कुठे? कोपऱ्यात! तळाच्या कोपऱ्यात तीन काटकोन एकत्र येतात, २७० अंश, सपाट कागदाला हवेत ३६०, उरलेल्या ९० ची फट पडते आणि कोपऱ्याची एकच उभी कड दोनदा उमटते. इथे डोकं गरगरलं तर खरंच एक खोकं फाडून बघा.

अंगणामधली काबा, म्हणजे ती चौकोनी पवित्र इमारत, मात्र पाडत नाहीत, ती बहुतेक चित्रांत दाराकडून उभी. आणि इथे मला फार मजा येते. दारासमोर उभं राहिलं की हजरे अस्वद, म्हणजे काळा दगड, डाव्या हाताच्या कोपऱ्यात, मग दार, आणि उजव्या बाजूला हतीमची अर्धगोल भिंत. तवाफच्या, म्हणजे काबेच्या प्रदक्षिणेच्या, सात फेऱ्या दगडापासून सुरू होतात आणि घड्याळाच्या उलट्या दिशेने जातात, म्हणजे याच क्रमाने, दगड, दार, हतीम. चित्रावर बोट ठेवून चालता येतं! लंडनच्या भुयारी रेल्वेचा १९३३ चा नकाशा पण असाच, अंतरं खोटी, क्रम खरा.

शहजादा मेहमेद, ऑटोमन सुलतान सुलेमानचा मुलगा, १५४३ मध्ये वारला. त्याच्या नावाने नंतर बदली हज झाली, तिचंही असंच सचित्र प्रमाणपत्र आहे. जो कधी गेलाच नाही त्याच्या नावाचा कागद, म्हणून त्यावर जागा कुठे, दार कुठे, सगळं दिसायलाच हवं, झाकलेला खांब तिथे काय कामाचा.

ग्रुपवर एवढं सगळं टाकलं तर सिव्हिलवाल्याचा प्रश्न, 'बरं, मग कोपऱ्यातला मिनार कुठल्या बाजूला पाडायचा?' फट तिथेच आहे, बाजू चित्रकाराने ठरवायची.