आतडे प्रत्यारोपण : मूल्यमापनाची पूर्वतयारी

लहान आतडे कायमचे निकामी झालेल्या रुग्णाला नवे आतडे बसवावे का, आणि बसवायचे तर केवळ आतडे की सोबत यकृत वा इतर अवयवही, हे ठरवण्यासाठी प्रत्यारोपण केंद्रात मूल्यमापन होते. ते बहुधा काही दिवस चालते. आतडे निकामी झाले म्हणजे प्रत्यारोपण आलेच, असे नाही; शिरेवाटे दिल्या जाणाऱ्या पोषणावर, म्हणजे टीपीएनवर, अनेक जण वर्षानुवर्षे जगतात. या पोषणापायी यकृत बिघडू लागले, सेंट्रल लाइनमधून, म्हणजे मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीतून, वारंवार जंतुसंसर्ग झाला किंवा लाइन घालायला शिरा उरेनाशा झाल्या, की हा विषय पुढे येतो.

तयारीतले निम्मे काम कागदपत्रांचे. त्यात सर्वांत मोलाच्या जुन्या ऑपरेशन नोट्स. डिस्चार्ज कार्डावर ‘आतड्याचा भाग काढला’ इतकेच लिहिलेले असते. किती सेंटीमीटर उरले, मोठे आतडे जोडलेले आहे का, हे नोट्समध्ये सापडते. दुसरी नोंद शिरांची. मान, गळ्याचे हाड आणि जांघ येथे दोन्ही बाजूंच्या मिळून ६ मोठ्या शिरा लाइनसाठी वापरतात. कोणत्या शिरेत कधी लाइन घातली, ती का काढावी लागली, तेव्हा कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) कोणता जंतू सापडला, हे तारखांसह लिहून न्यावे. ही माहिती बरेचदा नातेवाइकांच्या आठवणीतच असते, आणि आठवण दगा देते. टीपीएनचे सध्याचे प्रमाण, औषधांची यादी आणि रोजचे वजन, लघवी व स्टोमातून (पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडातून) जाणारे पाणी यांची नोंदही सोबत असावी.

केंद्रात रक्तगट, एचएलए (अवयव जुळतो का हे पाहण्याची ऊतींची खूण), सीएमव्ही व ईबीव्ही विषाणू, रक्त गोठण्याचे दोष, यकृत, हृदय आणि शिरांचे स्कॅन अशा तपासण्या होतात. मूत्रपिंडांकडे विशेष लक्ष असते, कारण शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून नंतर घ्यावे लागणारे टॅक्रोलिमस हे औषध त्यांना बाधते. स्नायू झडलेल्या रुग्णात क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा रक्तातला घटक) फसवे कमी दिसू शकते. उपाशीपोटी करायच्या तपासणीसाठी टीपीएन मनाने बंद करू नये. ते एकदम थांबवल्यास साखर घसरू शकते. ते कधी व कसे थांबवायचे, हे आधी विचारून घ्यावे. दातांचे उपचार आणि लसीकरण शक्यतो आधीच उरकावे. गोवर, कांजिण्या यांच्या जिवंत लशी प्रत्यारोपणानंतर सहसा देत नाहीत. त्या द्यायच्याच तर किमान ४ आठवडे आधी.

मानसोपचारतज्ज्ञ आणि समाजसेवक यांच्या भेटींना रुग्ण धास्तावतात, ते अनाठायी आहे. घरी काळजी कोण घेणार, औषधे वेळेवर घेतली जातील का, वेदनाशामकांची सवय लागली आहे का, हे तिथे पाहतात. काळजी घेणाऱ्या व्यक्तीनेही सोबत जावे. लपवलेली गोष्ट शस्त्रक्रियेनंतर महागात पडते.

निर्णय ‘इतक्यात नको’ असाही येतो. उरलेले आतडे लांबवण्याची शस्त्रक्रिया किंवा उरलेल्या आतड्याची शोषणक्षमता वाढवणारे टेड्युग्लुटाइडसारखे औषध आधी सुचवले जाऊ शकते. प्रतीक्षा यादीत नाव लागले, तरी नवा संसर्ग किंवा बदललेली लाइन केंद्राला तत्काळ कळवावी लागते. संसर्ग असेपर्यंत नाव तात्पुरते स्थगित ठेवतात.