735 किलोव्होल्टचा प्रांत

नोव्हेंबर 1962 मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात निवडणूक झाली आणि तिचा मुद्दा होता वीज. बिल माफ करायचं का, वीज फुकट द्यायची का, असला मुद्दा नव्हे. वीज कुणाच्या मालकीची असावी, हा. प्रांताचे मुख्यमंत्री ज्याँ लसाज यांनी घोषणा दिली होती, 'आपल्या घरात आपणच मालक'. ती देण्यामागे दोनशे वर्षांचं दुखणं होतं.

1763 मध्ये फ्रान्सनं ही वसाहत ब्रिटनच्या हवाली केली. फ्रेंच बोलणारे लोक तिथंच राहिले, संख्येनं बहुसंख्यही राहिले, पण कारखाने, बँका, खाणी इंग्रजी बोलणाऱ्यांच्या हातात गेल्या. फ्रेंच माणसाकडे शेत, चर्च आणि गिरणीतली मजुरी उरली. 1960 च्या दशकात केंद्र सरकारच्या आयोगानं उत्पन्नाचे आकडे मांडले, तेव्हा क्वेबेकमधल्या वांशिक गटांच्या उतरंडीत फ्रेंच वंशाचे लोक जवळजवळ तळाशी निघाले, तेही स्वतः बहुसंख्य असलेल्या प्रांतात. 1959 पर्यंत सत्तेवर असलेल्या मोरिस द्युप्लेसी यांना यात फारसं काही खटकत नव्हतं. कामगार संघटनांना धाकात ठेवायचं, शाळा-दवाखाने चर्चवर सोपवायचे आणि उत्तरेकडचं लोहखनिज अमेरिकी कंपन्यांना स्वस्तात द्यायचं, अशी त्यांची रीत. ते गेले आणि पुढच्याच वर्षी लसाज निवडून आले. त्यानंतरच्या दशकाला क्वेबेकमध्ये 'शांत क्रांती' म्हणतात.

या क्रांतीचं सर्वांत मोठं हत्यार वीज ठरली, ती तिथल्या खडकामुळे. क्वेबेकचा बहुतेक भाग कॅनेडियन शील्ड या पृथ्वीवरच्या अतिप्राचीन खडकाळ पठारावर आहे. हिमयुगात बर्फाच्या थरांनी ते खरवडून काढलं आणि मागे राहिली असंख्य तळी. पाणी न मुरणारा ग्रॅनाइट, भरपूर बर्फ-पाऊस आणि पठारावरून खाली धावणाऱ्या नद्या. जलविद्युतेचं गणित दोनच गोष्टींवर चालतं, पाणी किती आणि किती उंचीवरून पडतं. इथं दोन्हींची चंगळ.

हायड्रो-क्वेबेक ही सरकारी कंपनी 1944 पासून होती, पण तिच्याकडे मुख्यतः मॉन्ट्रियलचाच पुरवठा होता. बाकीचा प्रांत खासगी कंपन्यांत वाटला गेला होता. कुठे दर दुप्पट-तिप्पट, कुठे पुरवठाच यथातथा. नैसर्गिक संपत्ती खात्याचे मंत्री रने लेवेक हे मूळचे टीव्ही पत्रकार. खडू-फळा घेऊन गुंतागुंतीचे विषय सोपे करून सांगण्यात त्यांचा हातखंडा. त्यांनी हा विषय घरोघर नेला, पक्ष निवडणूक जिंकला आणि 1 मे 1963 ला 11 खासगी कंपन्या सरकारजमा झाल्या. किंमत सुमारे 60 कोटी डॉलर. कंपन्या जप्त केल्या नाहीत, पैसे मोजून घेतल्या. त्यातला मोठा वाटा अमेरिकेतून कर्ज काढून उभा केला. परक्या भांडवलाविरुद्धची लढाई परक्या भांडवलावरच लढली गेली, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत व्यवहारी शहाणपण वाटतं.

मालकी मिळाली, पण नद्या उत्तरेला आणि माणसं दक्षिणेला सेंट लॉरेन्सच्या खोऱ्यात. मानिकुआगान नदीवर धरणं बांधायची तर वीज मॉन्ट्रियलपर्यंत सहाशे-सातशे किलोमीटर न्यायला हवी. इथं शाळेतलं भौतिकशास्त्र आडवं येतं. तारेत वाया जाणारी ऊर्जा विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेवढीच वीज दुप्पट दाबानं (व्होल्टेजनं) पाठवली तर प्रवाह निम्मा होतो आणि तोटा चौथाईवर येतो. क्वेबेकच्या वाहिन्या त्या वेळी 315 किलोव्होल्टच्या होत्या. त्या दाबानं एवढी वीज आणायची म्हणजे जंगलातून मनोऱ्यांच्या रांगांमागून रांगा उभ्या कराव्या लागल्या असत्या. ज्याँ-ज्याक आर्शांबो या तरुण अभियंत्यानं सुचवलं, थेट 735 किलोव्होल्टवर जाऊ. गणितानं पाहिलं तर तोटा पाचपटीहून अधिक कमी होतो आणि मोजक्या वाहिन्यांत काम भागतं. अडचण एवढीच, की जगात असं कुणी केलेलं नव्हतं. इतक्या दाबाला तारेभोवतीची हवाच वीज झिरपू देते, चरचर आवाज येतो, ठिणग्या उडतात. त्यावर तोडगा म्हणजे एकाच जाड तारेऐवजी थोडं अंतर राखून बांधलेला चार तारांचा जुडगा. त्यामुळे तारेलगतचं विद्युतक्षेत्र सौम्य होतं. नोव्हेंबर 1965 मध्ये 735 किलोव्होल्टची जगातली पहिली वाहिनी सुरू झाली. भारतात आज राज्याराज्यांतून धावणाऱ्या 765 किलोव्होल्टच्या वाहिन्या याच घराण्यातल्या.

मानिकुआगानवरचं 'मानिक-5' हे 214 मीटर उंचीचं, कमानी आणि आधारभिंतींचं धरण 1968 मध्ये पुरं झालं. उद्घाटनाला आलेले मुख्यमंत्री दानियेल जॉन्सन धरणावरच्या मुक्कामातच वारले. धरणाला पुढे त्यांचं नाव दिलं गेलं. त्याचा जलाशय नकाशावर बघावा, चक्क गोल कड्यासारखा दिसतो. 21 कोटी वर्षांपूर्वी कोसळलेल्या अशनीच्या विवरात ते पाणी साठलं आहे. या कामावर अभियंत्यांची, आराखड्यांची, मुकादमांची भाषा फ्रेंच होती. फ्रेंच माणसाला मोठा उद्योग जमत नाही, हा समज त्या काँक्रीटखाली गाडला गेला. याच काळात लोकांच्या पेन्शनचा पैसा प्रांतातच गुंतवणारी 'केस द देपो' ही सरकारी निधीसंस्थाही 1965 मध्ये उभी राहिली आणि स्थानिक उद्योगांना भांडवल मिळू लागलं.

1971 मध्ये मुख्यमंत्री रोबेर बुरासा यांनी जेम्स बेची योजना जाहीर केली. मॉन्ट्रियलपासून हजारभर किलोमीटर उत्तरेला ला ग्रांद नदी, तिच्यात वळवलेल्या आणखी नद्या आणि जमिनीखालचं वीजघर. आज बुरासांचं नाव असलेल्या त्या एकट्या केंद्राची क्षमता 5,616 मेगावॅट आहे. आपल्या कोयनेचे सगळे टप्पे मिळून 1,960. पण जाहीर करताना एक गोष्ट राहून गेली. तिथं पिढ्यान्‌पिढ्या शिकार-मासेमारी करणाऱ्या क्री लोकांना कुणी विचारलंच नव्हतं. 'आपल्या घरात आपणच मालक' म्हणणाऱ्यांना दुसऱ्याचं घर दिसलं नाही. क्री आणि तिथले दुसरे मूळ रहिवासी इनुइट कोर्टात गेले. नोव्हेंबर 1973 मध्ये न्यायमूर्ती आल्बेर मालूफ यांनी काम थांबवण्याचा हुकूम दिला, आठवडाभरात वरच्या कोर्टानं तो उठवला. तरी सरकारला वाटाघाटींना बसावं लागलं आणि 1975 च्या करारात 22.5 कोटी डॉलरची भरपाई, राखीव जमिनी आणि शिकारीचे हक्क मान्य झाले.

करारात न सांगितलेलं एक संकट पाण्याखाली वाढत होतं. जंगलाच्या मातीत आणि पालापाचोळ्यात पारा असतोच, पण तो फारसा उपद्रव करत नाही. जमीन बुडाली, झाडोरा कुजू लागला की जिवाणू त्या पाऱ्याचं मिथिलमर्क्युरी हे विषारी संयुग करतात. ते लहान जिवांतून माशांत, माशांतून त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांत साचत जातं. मासे हेच ज्यांचं जेवण, त्या क्री माणसांच्या शरीरात पारा वाढलेला आढळला आणि तळ्यातला मासा किती खावा यावर बंधनं आली. प्रमाण पूर्ववत व्हायला दोन-तीन दशकं लागतात. स्वच्छ वीज म्हणताना हे कुणी सांगत नाही.

राजकारण तोवर पुढं गेलं होतं. लेवेक लसाजांचा पक्ष सोडून स्वतंत्र क्वेबेकची मागणी करू लागले, 1976 मध्ये त्यांचा पार्ती केबेक्वा हा पक्ष सत्तेवर आला. पुढच्या वर्षीच्या भाषा कायद्यानं कारखान्यात, दुकानाच्या पाटीवर, शाळेत फ्रेंचला अग्रस्थान दिलं. सन लाइफ या विमा कंपनीनं मुख्यालय टोरंटोला हलवलं, मागोमाग इतरही गेले. मॉन्ट्रियलचा आर्थिक राजधानीचा मान तसा आधीपासूनच ओसरत होता, या कायद्यानं त्याला वेग आला. दुसरीकडे फ्रेंच बोलणाऱ्यांचं उत्पन्न इंग्रजी बोलणाऱ्यांच्या जवळ येत गेलं. 1980 च्या सार्वमतात स्वातंत्र्याच्या बाजूनं सुमारे 40 टक्के मतं पडली. 1995 मध्ये 49.42 टक्के. देश फुटायचा राहिला तो 54,288 मतांनी.

या दोन सार्वमतांच्या मधे, 13 मार्च 1989 च्या पहाटे पावणेतीनला, सगळा प्रांत अंधारात गेला. सूर्यावरून निघालेल्या विद्युतभारित कणांच्या लोटानं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलवलं होतं. असं झालं की जमिनीतही प्रवाह निर्माण होतात. मातीत, ओल्या गाळात ते सहज पसरतात. पण शील्डचा खडक वीज वाहू देत नाही, म्हणून प्रवाहाला दोन्ही टोकांना जमिनीशी जोडलेली हजार किलोमीटरची तार सोपी वाटते. ट्रान्सफॉर्मर प्रत्यावर्ती (एसी) विजेसाठी बांधलेले असतात. त्यांत हा जवळजवळ एकदिश (डीसी) प्रवाह शिरला, त्यांचे गाभे चुंबकीयदृष्ट्या भरून गेले आणि विजेच्या लहरीची शुद्धता बिघडली. लांब वाहिन्यांवरचा दाब सावरणाऱ्या यंत्रणांनी तो बिघाड पाहून स्वतःला बंद करून घेतलं. आधार सुटला, जेम्स बेच्या वाहिन्या जाळ्यापासून तुटल्या आणि दीड मिनिटात जाळं कोसळलं. 60 लाख लोक, सुमारे नऊ तास. जो खडक पाणी धरून ठेवतो, त्यानंच वीज घालवली. नंतर हायड्रो-क्वेबेकनं वाहिन्यांमध्ये कपॅसिटर बसवले. ते प्रत्यावर्ती वीज जाऊ देतात आणि एकदिश प्रवाह अडवतात.

धरणं-वाहिन्यांच्या या कहाणीत क्वेबेकला सर्वांत मोठा नफा मात्र शेजाऱ्याच्या धरणातून झाला. शेजारच्या न्यूफाउंडलंड प्रांताचा भाग असलेल्या लॅब्राडोरमधल्या चर्चिल फॉल्सची क्षमता 5,428 मेगावॅट. तिथली वीज बाहेर नेण्याचा जमिनीवरचा रस्ता क्वेबेकमधूनच जातो. न्यूफाउंडलंडची कंपनी कर्जानं अडचणीत होती. 1969 मध्ये तिनं जवळपास सगळी वीज युनिटला पाव सेंटच्या आसपास दरानं, 2041 पर्यंत, क्वेबेकला लिहून दिली. तेलाचे भाव भडकले, विजेचे वाढले, हा दर उलट आणखी उतरला. न्यूफाउंडलंडनं वारंवार कोर्टाची पायरी चढली आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हार पत्करली. ज्या प्रांतानं परक्यांनी आपली संपत्ती मातीमोल भावानं नेली म्हणून क्रांती केली, त्यानं शेजाऱ्याशी केलेला हा सौदा पाहिला की द्युप्लेसींच्या लोहखनिजाची आठवण होते.

आता मात्र क्वेबेकलाच वीज कमी पडू लागली आहे. वीज स्वस्त म्हणून बहुतेक घरं विजेवरच तापतात. फेब्रुवारी 2023 च्या कडाक्यात मागणी 43,000 मेगावॅटच्या वर गेली. त्याच वर्षी पाऊस कमी पडला, जलाशय उतरले आणि अमेरिकेला होणारी निर्यात आवरती घ्यावी लागली. डिसेंबर 2024 मध्ये दोन्ही प्रांतांच्या मुख्यमंत्र्यांनी जुना करार मुदतीआधीच बाजूला ठेवून कितीतरी पट चढा दर आणि लॅब्राडोरमध्ये नवी वीजघरं यांचा मसुदा मांडला. या वेळी घाई क्वेबेकला होती, आणि हे न्यूफाउंडलंडला ठाऊक होतं.