ढील देणारे हात

गोव्यात मोरजीमच्या किनाऱ्यावर मार्च-एप्रिलमध्ये सकाळी गेलात तर समुद्र तळ्यासारखा निवांत असतो. दुपारी वायव्येकडून वारा धरतो आणि बघता बघता कमानीच्या आकाराचे मोठाले पतंग वर चढतात. खाली पायांत बोर्ड अडकवलेली माणसं पाणी कापत निघालेली असतात. हे काइटबोर्डिंग. बघणाऱ्याला वाटतं, यासाठी दंडांत जोर आणि पाण्यावर तोल हवा. पण त्याआधी वारा कळावा लागतो, आणि त्याला शाळेतलं विज्ञान बरंचसं पुरतं.

हा दुपारचा वारा म्हणजे भूगोलात शिकलेले खारे वारे. ऊन चढलं की जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत येते. नवशिक्याला हे वारे मानवतात, कारण ते बऱ्यापैकी एकसारखे असतात आणि तिरके किनाऱ्याकडे येतात. काही चुकलं तर माणूस वाहत वाळूवरच येतो. मतलई वारा याच्या उलट, जमिनीकडून खोल समुद्राकडे नेणारा. त्यात नवशिक्याने पतंग उघडूच नये. पावसाळ्यात वारा भरपूर, पण तो झोताझोताने येतो आणि समुद्रही खवळलेला असतो.

झोत वाईट का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. पतंगाची ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. १२ नॉटचा वारा, म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटर, २४ नॉट झाला तर ओढ दुप्पट नाही, चौपट होते. १२ वरून १८ वर गेला तरी सव्वादोन पट. म्हणूनच वारा मोजून त्या दिवशीचा पतंग निवडतात: मंद वाऱ्याला १२ चौरस मीटरचा, जोराच्या वाऱ्याला ७ किंवा ८ चा.

आता याहून महत्त्वाची गोष्ट. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि समोर एक मोठं अर्धं घड्याळ कल्पून पाहा. डोक्यावर १२, उजव्या-डाव्या टोकांना ३ आणि ९. पतंग या कडेवर स्थिर असला की ओढ थोडी. तोच कडेवरून सुटून थेट तुमच्या पुढ्यातून आडवा धावला की चित्र बदलतं. समजा वारा सेकंदाला ६ मीटर आहे आणि पतंग त्याला काटकोनात १२ मीटर वेगाने धावतोय. पतंगाला लागणारा वारा आता ६ चा राहत नाही, साडेतेराच्या आसपास जातो. वर्ग केला की ओढ पाचपट! वारा तोच, पतंग तोच, फक्त त्याची धाव वेगळी. माइल्स लॉइड या अमेरिकी अभियंत्याने १९८० साली नेमकं हेच गणित मांडलं होतं, आडव्या धावणाऱ्या पतंगांपासून वीज मिळवण्यासाठी. वाळूवर पहिल्या दिवशी छोटा सरावाचा पतंग देतात तो यासाठीच. त्याची झेप हलकी असली तरी अंगाला हा नियम कळतो.

मग येतो दांडा, ज्याला सगळे बार म्हणतात. पुढच्या दोऱ्या कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला, अडकवलेल्या असतात. मागच्या दोऱ्या बारच्या दोन टोकांना. बार जवळ ओढला की पतंगाची मागची कड खेचली जाते, तो वाऱ्याला जास्त कोन देतो आणि ओढ वाढते. बार दूर सोडला की कोन घटतो, ओढ ओसरते. इथेच माणसाची उपजत सवय आड येते. घाबरलं की आपण हातातलं घट्ट धरतो आणि छातीशी ओढतो, म्हणजे नेमकी चालना देतो! संक्रांतीला पतंग उडवलेल्यांना एक शब्द आधीच ठाऊक असतो: ढील. मला वाटतं, हा खेळ शिकणाऱ्या मराठी माणसाला प्रशिक्षकाने हा एक शब्द सांगितला तरी निम्मं काम होईल. बार सोडूनही पतंग आवरला नाही तर हार्नेसजवळचा सुटकेचा खटका आहे. तो उघडला की पतंग एकाच दोरीवर लोंबतो आणि बहुतेक ओढ जाते. हा खटका डोळे मिटून सापडेपर्यंत पाण्यात जाऊ नये. दोऱ्या वीस-चोवीस मीटर लांब, बारीक आणि मांज्याइतक्याच निर्दय असतात. त्या बोटांना कधीच गुंडाळायच्या नाहीत.

पाण्यात पडलेला पतंग पुन्हा उठतो, याचं श्रेय ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या फ्रेंच भावांना. हवा भरलेल्या नळ्यांच्या पतंगाचं पेटंट त्यांनी १९८४ मध्ये मागितलं. पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये, मार्सेयच्या समुद्रावर, या खेळाची पहिली ऑलिम्पिक शर्यत झाली.

बोर्ड सगळ्यांत शेवटी. आधी नुसतंच पतंगाने अंग ओढवत पाण्यातून जायचं, मग बोर्ड पायांत घालून पतंग १२ वरून खाली झोकायचा आणि त्या झटक्यात उभं राहायचं. सुरुवातीला प्रत्येकजण वाऱ्याबरोबर खाली वाहत जातो आणि बोर्ड काखेत मारून किनाऱ्याने चालत परत येतो. बोर्डाची कड पाण्यात रोवता आली की पाणी बाजूच्या ओढीला अडवतं, आणि उरलेलं बळ तुम्हाला तिरकं, वारा जिकडून येतो त्या बाजूला वर नेतं. मग एके दुपारी तुम्ही जिथून पाण्यात उतरलात, त्याच जागी बोर्डावरून परत येता.