उरल्यासुरल्या साहित्याची मिश्रमाध्यम नाताळ-कार्डे

कागदाची कात्रणे, चिंध्या, लेस, बटणे, दोरे, तळाशी गेलेले रंग असे हस्तकलेतून मागे राहिलेले साहित्य एका छोट्या पृष्ठावर जुळवून हाताने केलेली नाताळची शुभेच्छापत्रे. एकाच पृष्ठावर कागद, रंग, शाई, धागा यांपैकी दोन किंवा अधिक माध्यमे आली की त्या कामाला मिश्रमाध्यम म्हणतात. कार्ड तळहाताएवढे असल्यामुळे एरवी कचऱ्यात जाणारा दोन बोटांचा तुकडाही इथे पुरतो. मात्र हे चित्र भिंतीवर टांगायचे नसते. त्याला घडी असते, ते पाकिटात शिरावे लागते आणि टपालाचे हेलपाटे सोसून धड पोचावे लागते. या प्रकारातल्या बहुतेक चुका त्यामुळे दोनच जागी होतात : ओल्या गोंदात आणि जाडीत.

पूर्वपीठिका : छापील नाताळ-कार्ड पहिल्यांदा १८४३ साली लंडनमध्ये निघाले. ब्रिटिश सरकारी अधिकारी हेन्री कोल यांनी चित्रकार जॉन कॅलकॉट हॉर्स्ली यांच्याकडून चित्र काढून घेतले, शिळाछापाने त्याच्या सुमारे १,००० प्रती काढल्या, त्या हाताने रंगवून घेतल्या आणि एका शिलिंगला एक अशा विकल्या. ब्रिटनमध्ये एका पेनीत पत्र जाऊ लागल्याला तेव्हा तीनच वर्षे झाली होती. पुढच्या काही दशकांत कार्डांवर उठावाची रंगीत छापील कात्रणे, जाळीचा लेस-कागद आणि रेशमी झालरी दिसू लागल्या. म्हणजे कार्डावर वस्तू चिकटवण्याची हौस जुनीच आहे. चित्रकलेत पिकासो आणि ब्राक यांनी १९१२ मध्ये कागद चिकटवून चित्रे केली, तर जर्मन कलावंत कुर्ट श्विटर्स यांनी १९१९ पासून ट्रामची तिकिटे आणि वेष्टने यांसारख्या फेकलेल्या कागदांतून आपली चिकटचित्रे उभी केली. आजचे मिश्रमाध्यम कार्ड या दोन्ही घराण्यांचे आहे.

साहित्याची निवड : उरलेले सामान प्रकारानुसार न लावता रंगानुसार लावावे. कागद एका डब्यात आणि लेस दुसऱ्यात ठेवली की त्या एकमेकींना कधी भेटत नाहीत. पांढरे-मळकट, हिरवे, लाल-तपकिरी आणि चमकीचे असे चार ढीग केले की जोड्या आपोआप सुचतात. एका कार्डावर एक नक्षीचा कागद, एक साधा, एक पोताची वस्तू (लेस, ताग, लोकर) आणि एक चमक, एवढे पुष्कळ झाले. डबा रिकामा करण्याच्या नादात सगळेच एका कार्डावर चढवले की त्याला कचऱ्याची कळा येते. उरलेले संपवणे हा या कामाचा फायदा आहे, हेतू नव्हे.

काही वस्तू मुळातच वर्ज्य समजाव्यात. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन हे लाकडातले द्रव्य राहिलेले असते, त्यामुळे तो हवा-उजेडात पिवळा पडून ठिसूळ होतो. तीच गत साध्या पारदर्शक चिकटपट्टीची. दालचिनीचे तुकडे दिसतात छान, पण त्यांचे तेल कागदात उतरून डाग पडतो, शिवाय ते जाडही असतात. पाने-फुले वापरायची तर ती पुस्तकात एक-दोन आठवडे दाबून पुरती सुकलेली हवीत. ओलसर पान गोंदाखाली काळे पडते.

पाया आणि घडी : पायासाठी २५० ते ३०० जीएसएमचे (जीएसएम म्हणजे चौरस मीटरमागे ग्रॅम) कार्डशीट घेतात. ए४ कागद (२१० × २९७ मिमी.) आडवा मधोमध कापला की दोन ए५ तुकडे मिळतात, प्रत्येकाची लांबी अर्धी करून घडी घातली की १०५ × १४८ मिमी.चे, म्हणजे ए६ मापाचे कार्ड होते. ते १६२ × ११४ मिमी.च्या सी६ पाकिटात बसते. या मापाचा आणखी एक छुपा लाभ आहे. कागदातले तंतू बहुतांश एका दिशेने पडलेले असतात आणि ए४ मध्ये ते सहसा लांबीच्या दिशेने असतात. वरीलप्रमाणे कापल्यास घडी तंतूंना समांतर येते आणि स्वच्छ पडते. पूर्ण ए४ अर्धा दुमडून मोठे कार्ड केले तर घडी तंतूंना आडवी जाते, रंगीत कार्डशीट तिथे तडकते आणि आतला पांढरा कागद दिसू लागतो. तंतूंची दिशा ओळखायची तर कागद न मोडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. जिकडे तो सहज वाकतो, त्या घडीच्या रेषेला तंतू समांतर असतात.

घडीआधी रेघ दाबून घेणे चुकवू नये. स्टीलची पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने बाहेरच्या बाजूवर रेघ ओढतात. मागे जी बारीक उठलेली कड दिसते ती घडीच्या आत जाईल अशा बेताने कार्ड दुमडतात. कटरच्या टोकाने रेघ ओढल्यास तंतू कापले जातात आणि पाच-सहा वेळा उघडल्यावर कार्डाचे दोन तुकडे होतात.

दर्शनी पट : रंग, गोंद, टाके यांतले काहीही थेट पायावर करू नये. ९५ × १३८ मिमी.चा वेगळा पट घ्यावा, सगळे काम त्यावर उरकावे आणि शेवटी तो दुहेरी चिकटपट्टीने कार्डावर बसवावा. चहूबाजूंनी ५ मिमी. पाया दिसतो आणि चौकट आयतीच मिळते. पट बिघडला तर पाया वाचतो, टाक्यांच्या गाठी मागे दडतात, आणि मुख्य म्हणजे पाया ओला होत नाही.

पटाला ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद उत्तम. चित्रांच्या उरलेल्या कडा, फसलेल्या चित्रांची पाठ, काहीही चालते. पातळ कार्डशीटवर पाण्याचे काम केले की कागद वाकतो. ओलाव्याने तंतू फुगतात आणि वाळताना आक्रसतात. एकाच बाजूला कागद डकवला असेल तर तो पटाला आपल्याकडे खेचतो. यावर दोन उपाय आहेत. गोंद पसरट ब्रशने पातळ लावायचा, आणि पट किंचित दमट असतानाच तो बेकिंग पेपरच्या दोन तुकड्यांत घालून जड पुस्तकांखाली रात्रभर ठेवायचा. तरीही वाकला तर त्याच जाडीचा एक कागद मागून डकवावा. दोन्हीकडची ओढ सारखी झाली की पट सरळ होतो.

कामाचा क्रम : आधी ओले, मग कोरडे, आधी सपाट, मग उंच. तळाशी जुन्या पुस्तकाचे पान, खाकी कागद, पतंगी कागद यांचे फाडलेले तुकडे पांढऱ्या गोंदाने (पीव्हीए) डकवतात. फाडलेली कड कापलेल्या कडेपेक्षा सहज मिसळते आणि पांढऱ्या कागदाची फाटकी कड बर्फाच्या उतारासारखी दिसते. वाळल्यावर जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने थोडा जेसो (रंगकामाआधी देतात तो पांढरा लेप) किंवा पांढरा ॲक्रिलिक रंग ओढतात. थर इतका पातळ हवा की खालची अक्षरे पुसट दिसत राहतील. त्यावर शाईचे ठसे मारतात. पाण्यात विरघळणाऱ्या शाईवर नंतर गोंद किंवा जेसो फिरवला तर ठसा पसरतो. म्हणून ठसा सर्वांत शेवटी मारावा, नाहीतर वाळल्यावर पाण्याला दाद न देणारी शाई घ्यावी. रंगद्रव्याची शाई चकचकीत कागदावर तासन्‌तास ओली राहते, हेही लक्षात असू द्यावे.

ओल्या ठशावर उठावाची पावडर टाकून, ती हीट गनच्या गरम वाऱ्याने वितळवून उठाव आणायचा असेल तर तो याच टप्प्यावर, टिकल्या आणि फोमची (दोन्हीकडून चिकटणारी जाड) पट्टी येण्याआधी. हीट गनच्या वाऱ्याने प्लास्टिकची टिकली क्षणात आकसून काळी पडते. पावडर भलतीकडे चिकटते ती कागदावरच्या स्थिर विजेमुळे आणि बोटांच्या तेलामुळे. ठसा मारण्याआधी कागदावर चिमूटभर टाल्कम पावडर फिरवून झटकली की हा त्रास जवळजवळ जातो.

एक नमुना : पट्ट्यांचे झाड. नवख्याने इथून सुरुवात करावी, कारण यात अगदी बारीक कात्रणे संपतात. साध्या छपाईच्या कागदाचा १० × ११ सेंमी.चा तुकडा घेऊन त्यावर नक्षीच्या कागदाच्या आणि वॉशी टेपच्या (नक्षीदार कागदी चिकटपट्टीच्या) ६ ते १२ मिमी. रुंदीच्या पट्ट्या आडव्या, एकमेकींवर मिलीमीटरभर चढवत चिकटवतात. पट्ट्यांची टोके बाहेर लोंबली तरी बिघडत नाही. गोंदकांडी इथे पुरते. तुकडा वाळला की तो उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर ७० मिमी. पाया आणि ९० मिमी. उंचीचा त्रिकोण आखून कापतात. पट्ट्या आधी आणि आकार नंतर, या उलट्या क्रमामुळे कडा एका रेषेत येतात. वेगवेगळ्या लांबीच्या पट्ट्या कापून झाड रचू पाहणाऱ्याच्या झाडाला दाते पडतात. गडद आणि फिकट पट्ट्या आलटून पालटून हव्यात, नाहीतर हातभर अंतरावरून झाड म्हणजे नुसता हिरवा डाग दिसतो.

मग सोनेरी दोरा झाडावरून तिरका दोन-तीन वेळा गुंडाळून टोके मागे चिकटवतात. झाड फोमच्या पट्टीवर उचलताना तिन्ही कोपऱ्यांबरोबर मधोमधही एक तुकडा द्यावा. तो नसला तर पाकिटाच्या दाबाने झाड मधे खचते. बुंध्याला ८ × १२ मिमी.चा पुठ्ठ्याचा तुकडा किंवा सुतळीचे तीन छोटे तुकडे पुरतात. शेंड्यावर सपाट बटण. हिमवर्षावासाठी पांढऱ्या ॲक्रिलिकमध्ये जवळपास तेवढेच पाणी घालून जुन्या टूथब्रशने शिंतोडे उडवतात. ते झाड बसवण्याआधी आणि पहिला झटका रद्दी कागदावर मारून मगच, कारण पहिल्या झटक्यात नेहमी टपोरा थेंब पडतो.

टाके : मशीनशिवाय, साधा धावदोरा पुरे. भोके आधी सुईने मऊ फोमवर पाडून घ्यावीत, त्यांत ४-५ मिमी. अंतर ठेवावे. अंतर दोन मिलीमीटरवर आले की टपाल-तिकिटांच्या छिद्रांसारखी रांग होते आणि कागद तिथूनच फाटतो. दोऱ्याच्या गाठीऐवजी टोके मागे टेपने दाबली तर पट सपाट बसतो.

चिकटवण्याची साधने : गोंदकांडी पातळ कागदाला, पीव्हीए कापड, लेस, सुतळीला, दुहेरी पट्टी कार्डशीटला, बटणाला जाड पीव्हीएचा थेंब आणि काही तासांची सवड. जाळीच्या लेसला गोंद ब्रशने लावू नये, तो छिद्रांतून वर येतो. बेकिंग पेपरवर गोंद पसरून त्यावर लेस टेकवून उचलावी. ग्लू गनला झटपटपणामुळे फार मान मिळतो, पण कार्डावर ती सहसा बाधतेच : गोंदाचा गोळा पातळ कागदाखालून दिसतो, आणि गुळगुळीत पृष्ठावरचा गोंद थंडीत कडक होऊन टपकन सुटतो. चकचकीत, प्लास्टिकचा लेप असलेल्या जुन्या कार्डांवर पीव्हीएही धरत नाही. तिथे बारीक सँडपेपरने चकाकी मोडावी किंवा सरळ दुहेरी चिकटपट्टी वापरावी.

मजकूर : जेसो-ॲक्रिलिकवर बॉलपेन अडखळते. शुभेच्छा १० मिमी. रुंदीच्या वेगळ्या पांढऱ्या पट्टीवर लिहून किंवा ठसा मारून ती शेवटी चिकटवणे बरे. अक्षर चुकले तर पट्टीच बदलता येते. गडद पायाच्या आत १०० × १४३ मिमी.चा साधा कागद घडीजवळ एकाच बाजूने चिकटपट्टी लावून बसवतात. 

एकगठ्ठा काम : दहा-बारा कार्डे करायची तर एकेक पुरे करत बसण्यापेक्षा सगळ्यांचा एकेक टप्पा उरकावा. पहिल्यांचा थर वाळेतो शेवटच्यांचा लावून होतो. दहाही कार्डे एकसारखी व्हावीत हा हट्ट मात्र सोडावा. लेस सातव्या कार्डालाच संपणार.

टपाल : ब्रिटनमध्ये साध्या पत्राची कमाल जाडी ५ मिमी. आहे, अमेरिकेत पाव इंच. त्यात पाकीट, पाया, पट, फोम आणि बटण असे सगळे बसवायचे असते. कार्ड पाकिटात घालून दोन मोजपट्ट्यांमध्ये धरून मोजावे, डोळ्यांवर विसंबू नये. दांडीची बटणे, तारा आणि मोठे मणी पाकीट भोसकतात. बटणाचा वळ पाकिटावर उमटू नये म्हणून दर्शनी बाजूवर पातळ कार्डशीटचा तुकडा ठेवतात. ॲक्रिलिकचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबून राहिले की चिकटतात आणि सोडवताना पोपडे निघतात. म्हणून गठ्ठ्यात ठेवताना दोन कार्डांमध्ये बेकिंग पेपर हवाच.

चमकी आणि पुनर्वापर : सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून निर्बंध आणले आहेत, कारण ती मायक्रोप्लास्टिकच आहे. घरातली उरलेली चमकी वापरलीच तर ती गोंदावर टाकून वाळवून, झटकून, वरून पातळ पीव्हीएने बंद करावी, म्हणजे ती पाकिटातून दुसऱ्याच्या घरभर होत नाही. चमकी, फॉइल, कापड असलेले कार्ड कागदाच्या रद्दीत चालत नाही. त्याचा दर्शनी पट सोलून पाया तेवढा रद्दीत द्यावा. पट दुहेरी पट्टीने बसवलेला असला की हे एका ओढीत होते. उरलेला गिफ्ट पेपर खरा कागद आहे की प्लास्टिक, हे मुठीत चुरगाळून कळते : चुरगळलेला राहिला तर कागद, आपसूक उलगडला तर प्लास्टिक, आणि अशा प्लास्टिकवर गोंदकांडीही टिकत नाही.