रिक्वेस्ट कॉन्टेक्स्ट (रिमोट कॉलमधला)

जावा एंटरप्राइजमध्ये एका रिक्वेस्टपुरते जगणारे बीन (कंटेनरच्या ताब्यातले ऑब्जेक्ट) कंटेनर (बीन बनवणारा-मिटवणारा सर्व्हरचा भाग) जिथं सांभाळतो तो रिक्वेस्ट कॉन्टेक्स्ट. वेबवर तो कसा चालतो हे हिंजवडी-खराडीतल्या कुठल्याही बॅकएंडवाल्याला पाठ असतं, म्हणून इथं रिमोट ईजेबी (एंटरप्राइज जावाबीन) कॉलचंच बघू, म्हणजे नेटवर्कपलीकडेही असू शकणाऱ्या बीनची मेथड बोलावण्याचं.

उगमाबद्दल दोन मतं. सर्व्हलेटच्या (वेब रिक्वेस्ट हाताळणारा जावाचा घटक) रिक्वेस्ट अ‍ॅट्रिब्यूटमधून आला असं सरसकट म्हणतात, तर काहीजण सीम या जावा फ्रेमवर्कच्या (१.० आवृत्ती २००६) इव्हेंट कॉन्टेक्स्टकडे बोट दाखवतात. सीम आणि जेएसआर-२९९ (हा कॉन्टेक्स्ट ठरवणारं जावाचं स्पेक, म्हणजे नियमावली) दोन्हींमागे गॅव्हिन किंगच होता त्यामुळे दुसरं मत जरा जास्त पटतं, पण सीमचा तो कॉन्टेक्स्टही वेबवर सर्व्हलेट रिक्वेस्टवरच टेकलेला, तेव्हा फार ताणू नये. जेएसआर-२९९ आधी वेब बीन्स नावानं चाललं, मग सीडीआय (कॉन्टेक्स्ट्स अँड डिपेंडन्सी इंजेक्शन) म्हणून २००९ च्या अखेरीस जावा ईई ६ सोबत फायनल झालं.

स्पेकप्रमाणे रिमोट मेथड, असिंक मेथड, टायमरचा टाइमआउट आणि मेसेज-ड्रिव्हन बीनला मेसेज मिळणं, या प्रत्येकात कॉन्टेक्स्ट अ‍ॅक्टिव्ह असतो आणि काम संपलं की नष्ट होतो. कॉलरचा कॉन्टेक्स्ट मात्र नेटवर्कवरून पलीकडे जात नाही. फिल्टरनं (वेब रिक्वेस्ट आधी पकडणारा कोड) युजर आयडी रिक्वेस्ट-स्कोप्ड बीनमध्ये ठेवला आणि दुसऱ्या सर्व्हरवर तेच बीन इंजेक्ट केलं तर त्यातला आयडी नल मिळतो. कॉन्टेक्स्टनॉटअ‍ॅक्टिव्हएक्सेप्शन येत नाही कारण कॉन्टेक्स्ट आहे, फक्त कोरा आहे, आणि म्हणूनच लवकर सापडत नाही.

खरा वाद एकाच जेव्हीएमचा (जावा प्रोग्राम चालवणारी प्रोसेस): रिमोट इंटरफेस आहे पण दोन्ही बाजू एकाच सर्व्हरवर, तर नवा कॉन्टेक्स्ट की जुनाच? स्पेकचं वाक्य दोन्हीकडे ओढता येतं. वेल्ड (रेड हॅटनं सुरू केलेलं सीडीआयचं इम्प्लिमेंटेशन) त्या थ्रेडवर कॉन्टेक्स्ट आधीच अ‍ॅक्टिव्ह असेल तर तोच चालू ठेवतं, नसेल तरच नवा उघडतं. मग सगळं एकाच सर्व्हरवर असलेल्या लॅपटॉपवर युजर आयडी दिसतो, यूएटीला (युजरकडून होणारी चाचणी) सर्व्हर वेगळे झाले की गायब, आणि "माझ्या मशिनवर चालतंय" सुरू. वेल्डचं वागणं सोयीचं आहे, पण त्यावर डिझाइन करू नये; आयडी सरळ पॅरामीटरमधून द्यावा.

तपासायचं तर बीनच्या पोस्टकन्स्ट्रक्ट (बनल्यावर चालणारी मेथड) आणि प्रीडिस्ट्रॉयमध्ये (नष्ट होण्याआधी चालणारी) लॉग टाकायचा. नुसतं इंजेक्ट करून लॉग येत नाही, हातात प्रॉक्सी (खऱ्या बीनच्या जागी उभा ऑब्जेक्ट) असतो, पहिली मेथड कॉल झाली की खरं बीन बनतं.

सीडीआय २.० (२०१७) मध्ये अ‍ॅक्टिव्हेटरिक्वेस्टकॉन्टेक्स्ट हे अ‍ॅनोटेशन आलं, ते स्वतः काढलेल्या थ्रेडसाठी. रिमोट कॉलला लागत नाही.